खातं कुणाच्या नावावर?



आमच्या बचत गटातली एक ताई रोज संध्याकाळी मोबाईल ओट्यावर टेकवून लाइव्ह भाकऱ्या थापते. घरचे म्हणायचे, "हिला रिकामा उद्योग!" तिच्यासोबत बसून मी यूट्यूबचे नियम वाचले, तेच आज सांगते.

लाइव्हच्या वाटेने जाहिरातीचा वाटा मिळवायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास लागतात. हे तास आपण बसलो ते नव्हेत; लोकांनी पाहिले ते. दहा जणींनी तासभर पाहिलं, तर दहा तास. लाइव्ह संपल्यावर व्हिडिओ खाजगी केला, की त्याचे तास बाद. पुढे जाहिरातीच्या पैशातले ५५ टक्के आपले. पण १०० डॉलर साठेपर्यंत हातात काही पडत नाही. छोट्या चॅनेलला त्याला कित्येक महिने लागतात.

ताईचे शंभर डॉलर भरले तेव्हा कळलं, पैशाचं खातं नवऱ्याच्या नावावर, बँकही त्याचीच. तो म्हणाला, "घरातच आलेत की पैसे!" शेतात राबायचं बाईने आणि सातबारा पुरुषाचा, त्यातलाच हा प्रकार.

तेव्हा कमाई सुरू व्हायची वाट पाहू नका. पहिल्या दिवशीच चॅनेल स्वतःच्या नावाने उघडा, पुढे पैशाचं खातं आणि बँकही स्वतःचीच जोडा, पासवर्ड स्वतःकडे ठेवा. रक्कम लहान असेल, पण कष्ट आपले आहेत हे कागदावर दिसलं पाहिजे.