खेळाच्या दारावरील पहारेकरी



बंगळूर हे संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्यांचे नगर म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु जगभर खेळल्या जाणाऱ्या कित्येक व्हिडिओ गेममधील दृश्येही येथील कारागिरांच्या हातून घडली आहेत, हे थोड्यांनाच ठाऊक असते. १९९७ मध्ये राजेश राव यांनी येथे ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही संस्था स्थापन केली. मायक्रोसॉफ्टच्या ‘फोर्झा’ या शर्यतीच्या खेळमालिकेसाठी तिने मोटारी घडविल्या. तरीही कोणता खेळ बाजारात यावा, हे बंगळूर ठरवीत नाही. मग ते ठरवितो कोण?

याचे उत्तर इतिहासात आहे. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. १९८५ मध्ये निंटेंडो या जपानी कंपनीने आपले यंत्र तेथे आणले, ते कुलपासहित. यंत्रात एक चिप आणि खेळाच्या कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार चिप. दोघींची ओळख पटली नाही, तर खेळ चालत नसे. कुलपाच्या मागोमाग परवान्याच्या अटी आल्या. एका प्रकाशकाने वर्षाकाठी साधारणतः पाचच खेळ काढावेत. कार्ट्रिजे निंटेंडोकडूनच, आगाऊ पैसे भरून करवून घ्यावीत. आणि तो खेळ दोन वर्षे अन्य यंत्रावर आणू नये. माल खपो वा न खपो, जोखीम प्रकाशकाची आणि नफ्यातील हिस्सा यंत्रमालकाचा!

या कुलपाला आव्हाने मिळाली. १९९२ मध्ये अमेरिकन न्यायालयांनी दोन निराळे निकाल दिले. सेगाच्या यंत्राची रचना उलगडून स्वतःचे खेळ काढणाऱ्या अॅकोलेडच्या बाजूने एका न्यायालयाने कौल दिला. तर निंटेंडोच्या चिपची संहिता खोटे कारण सांगून मिळविणाऱ्या अटारी गेम्सच्या विरुद्ध दुसऱ्याने. कुलूप समजून घेणे हा गुन्हा नव्हे, एवढे त्यातून स्पष्ट झाले. दार मात्र मालकाच्याच ताब्यात राहिले.

आज कार्ट्रिजची जागा बव्हंशी कंपन्यांच्या ऑनलाइन दुकानांनी घेतली आहे. खेळ रचण्याचे विशेष यंत्र मिळविण्यास कंपनीची मान्यता लागते, तयार खेळाची तपासणी कंपनीच करते आणि विक्रीतून सामान्यतः ३० टक्के कापून घेते.

यावर असे सांगितले जाते की, पहारा नसेल तर निकृष्ट मालाचा पूर येईल. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. १९८३ ची घसरण काही अंशी अशा मालामुळेच झाली होती. परंतु पहारा म्हणजे हमी काय? डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ सोनीच्या दुकानात विक्रीस आला आणि सदोष ठरल्याने आठवडाभरातच काढून टाकावा लागला. म्हणजे दार दर्जावाचूनही उघडते. प्रश्न आहे तो कोणासाठी उघडते, हा.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने भारतीय पुराणकथांच्या आधारे रचलेला ‘राजी’ हा खेळ पाहा. ऑगस्ट २०२० मध्ये तो प्रथम निंटेंडो स्विचवर आला. त्या वेळी ते यंत्र भारतात अधिकृतपणे विकलेच जात नव्हते! पुण्यातील रचना, आणि पुण्यातील वाचनालयाशेजारच्या दुकानात तिचे यंत्र नाही. ही निवड रसिकांनी केली नव्हती, बाजाराच्या नकाशाने केली होती.

ध्रुवची गोष्टही हेच सांगते. २०१९ मध्ये तिच्यातील ९१.८२ टक्के हिस्सा स्वीडनच्या स्टारब्रीझकडून अमेरिकेच्या रॉकस्टार गेम्सकडे ७९ लाख डॉलरना गेला. कौशल्य येथले, सौदा मात्र परक्या दोन कंपन्यांमधला. २०२३ मध्ये सोनीने भारतीय रचनाकारांसाठी ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ सुरू केला. साहाय्य स्वागतार्हच, पण निवड करणारा पुन्हा यंत्रमालकच.

यावर उपाय नाही काय? ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला प्ले स्टोअरच्या अटींबद्दल ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये तो २१६.६९ कोटींवर आणला. रक्कम घटली, तरी दुकानाच्या मालकालाही जाब विचारता येतो, हे तत्त्व त्यातून दिसले. कन्सोलच्या दारापर्यंत ते न्यावयास हवे: मान्यतेचे निकष जाहीर असावेत, नकाराची कारणे लेखी मिळावीत, दाद मागण्यास स्वतंत्र जागा असावी. ज्यांच्या हातांनी मोटारी घडतात, त्यांना शर्यत कोठे भरणार, हे विचारण्याचा अधिकार असलाच पाहिजे.