धोरण-संशोधन आणि चळवळीचे दप्तर

(पुणे येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



राज्याचे राजकारण आणि सार्वजनिक धोरण या विषयांवर संशोधकांच्या परिषदा भरणे पुण्याला नवे नाही. अशा परिषदेची वार्ता आली की आपल्या कार्यकर्त्यांत दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. काहीजण म्हणतात, विद्वानांची चर्चा विद्वानांना लखलाभ होवो, आपल्याला रस्त्यावरची कामे आहेत. काहीजण तेथे जातात, आवेशाने चार वाक्ये बोलतात आणि निबंध न ऐकताच परततात. या दोन्ही वृत्ती चळवळीला परवडणाऱ्या नाहीत, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

धोरणाची चिकित्सा ही मुळात या शहरातील सार्वजनिक जीवनाची परंपरा आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा फुल्यांनी विचारले ते हेच, की शेतकऱ्यांच्या श्रमांतून सरकारी तिजोरीत आलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च व्हावा? पैसा कोणाचा आणि लाभ कोणाला, हा सार्वजनिक वित्तव्यवहाराचा पहिला प्रश्न होय. तो विचारण्यासाठी फुल्यांना विद्यापीठाची पदवी लागली नाही. पुढे १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली तिने पाहणीचे शास्त्र येथे रुजविले. त्याच संस्थेच्या काळे स्मारक व्याख्यानात १९३९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ च्या कायद्यातील संघराज्य योजनेची झडती घेतली. राजकारण बाहेर ठेवून धोरणाचा अभ्यास करावा, असा दंडक त्या काळी या शहराने मानलेला नव्हता.

आजच्या परिषदांतून मात्र ही फारकत दिसते. एका दालनात निवडणुका, जाती आणि पक्ष यांची चर्चा चालते. दुसऱ्या दालनात योजनांची कार्यक्षमता मोजली जाते. ही योजना कोणत्या संघर्षातून आली, ती कोणाला अडचणीची वाटली, तिचा निधी कोणी अडविला, हे प्रश्न दोन्ही दालनांच्या मधल्या व्हरांड्यात पडून राहतात. रोजगार हमी योजनेचा इतिहास पाहिला म्हणजे या फारकतीने काय गमावले जाते, ते ध्यानात येईल.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये तासगाव भागात या योजनेचा पहिला प्रयोग झाला. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. १९६०-६१ च्या उपभोग खर्चाच्या आकड्यांवरून त्यांनी दाखविले की ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोकांना पुरेसे अन्नही परवडत नाही. आणि उपाय म्हणून सार्वजनिक कामांतून रोजगाराची हमी सुचविली. परंतु केवळ अभ्यासाने कायदा होत नसतो. १९७२-७३ चा दुष्काळ आला, १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली, आणि कामासाठी, मजुरीसाठी, धान्यासाठी गावोगाव मोर्चे निघाले. त्यानंतर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसला, १९७७ मध्ये कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातील पगारदाराने कर द्यावा आणि त्यातून खेड्यातील भूमिहीनाला काम मिळावे, ही रचना फुल्यांच्या प्रश्नाला राज्याने दिलेले एक उशिराचे उत्तरच होते.

आता कथेचा दुसरा भाग पाहा, कारण आपण तो सहसा सांगत नाही. १९८८ मध्ये या योजनेवरील मजुरीचे दर जवळजवळ दुप्पट झाले. चळवळीने तो विजय मानला, आणि तो विजय होताच. परंतु मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक साधा तर्क मांडला. मागेल त्याला काम ही हमी जर खरोखर पाळली जात असेल, तर मजुरी वाढल्यावर कामावर येणारांची संख्या वाढावयास हवी. ती तर घटली. याचा अर्थ, कामाचे वाटप मोजूनमापून होऊ लागले होते आणि हमी आतून पोखरली जात होती. कायद्याचा एक शब्दही बदललेला नव्हता. काम सुरू करण्याचे टाळले, लांबविले, दूर ठेवले की पुरे होत होते. कामाविना घरी परतलेल्या मजुराला हे ठाऊक होतेच, परंतु तो एका गावाचा अनुभव होता. तो साऱ्या राज्याचा व्यवहार आहे, हे दाखविण्यासाठी आकड्यांची गरज होती.

यातून दोन्ही पक्षांनी बोध घ्यावा. जे संशोधन राजकारण वगळते, त्याला हमी आटली हे दिसते, परंतु ती कोणाच्या सोयीसाठी आटली हे सांगता येत नाही. आणि जी चळवळ संशोधन वगळते, तिला मिळविलेला हक्क हातातून निसटत असल्याचे उशिरा कळते.

मग कार्यकर्त्याने परिषदेत काय करावे? पहिली गोष्ट, मराठीचा आग्रह धरावा. १९९५ च्या सत्ताबदलानंतर राजेंद्र व्होरा आणि सुहास पळशीकर यांनी त्याची मीमांसा मराठीत पुस्तकरूपाने केली, हे उदाहरण समोर आहे. ज्यांच्या जीवनाविषयी निबंध लिहिला, त्यांना तो वाचता आलाच पाहिजे, निदान त्याचा सारांश तरी.

दुसरी गोष्ट, आकडे उघड करण्याची मागणी संशोधकांच्या खांद्याला खांदा लावून करावी. २०१७-१८ च्या उपभोग खर्च पाहणीचा अहवाल केंद्र सरकारने दर्जाचे कारण देऊन प्रसिद्धच केला नाही, आणि २०२१ ची जनगणना त्या वर्षी झाली नाही. दारिद्र्य मोजणेच थांबले तर दारिद्र्याविरुद्धची मागणी ऐकीव ठरते. हा प्रश्न केवळ प्राध्यापकांचा नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपण रिकाम्या हाताने जाऊ नये. याच पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरावेचक स्त्रियांच्या श्रमांमुळे महानगरपालिकेचा कचरा वाहून नेण्याचा किती खर्च वाचतो, याचा हिशेब संघटनेने आणि अभ्यासकांनी मिळून मांडला. ज्यांना शहर उपद्रव समजत होते, त्या शहराची सेवा करतात, हे त्या हिशेबाने सिद्ध केले. आणि २००८ मध्ये त्यांच्याच सहकारी संस्थेशी महानगरपालिकेने घरोघरच्या कचरा संकलनाचा करार केला. मोर्चा आणि मोजणी यांचा असा संयोग जेथे होतो, तेथे प्रशासनाला पळवाट उरत नाही.

रोजगार हमीच्या कायद्यात मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्त्याची तरतूद होती. तो भत्ता क्वचितच कोणाला मिळाला. याचे एक कारण असे, की कामाची मागणी केल्याची तारखेची पोच मजुराच्या हाती नसे. पोच नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून बेकारी नाही, असा सरकारी हिशेब जुळत असे. आणि संशोधक तालुक्याला जाई, तेव्हा त्याच्यापुढे तेच सरकारी दप्तर येई.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक तालुक्यातील आपल्या शाखेने एक नोंदवही ठेवावी. कोणी, कधी, काय मागितले. पोच मिळाली की नाही. काम किंवा शिधा किती दिवसांनी मिळाला. नकार कोणत्या शब्दांत आला. पुढील परिषदेत घोषणा देण्यापूर्वी ही वही टेबलावर ठेवा आणि निबंधवाचकाला विचारा, तुमच्या आकड्यांत ही माणसे कोठे आहेत? त्याचे उत्तर त्याला द्यावे लागेल. आणि त्याने आपल्याला उलट प्रश्न विचारला, तर आपणही तो शांतपणे ऐकून घेतला पाहिजे.