मॉर्मन हे ख्रिस्ती आहेत काय?



कामगारांच्या सभांतून बोलण्याची सवय असलेल्या माणसाने अमेरिकेतील एका धर्मपंथावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. धर्मशास्त्राचे पांडित्य आमच्याजवळ नाही आणि त्याचा आव आणण्याची आमची इच्छाही नाही. परंतु 'आपला कोण आणि परका कोण' या प्रश्नाशी युनियनच्या कचेरीत आमची रोजची गाठ पडते. हा प्रश्न कोण विचारतो आहे आणि कशासाठी विचारतो आहे, हे आधी ठरवले नाही की पुढचा सारा वाद वाया जातो, एवढे आम्ही तेथे शिकलो. मॉर्मनांविषयीच्या वादाचे असेच झाले आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम हे लोक कोण ते पाहू. जोसेफ स्मिथ हा १८०५ साली व्हरमाँट राज्यात जन्मलेला एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा. त्याचे शालेय शिक्षण नाममात्र होते. देवदूताने आपल्याला सोन्याचे पत्रे दाखवले व त्यांवरील मजकुराचे आपण ईश्वरी साहाय्याने भाषांतर केले, असे त्याने सांगितले. ते भाषांतर म्हणजे १८३० साली छापलेले 'मॉर्मनचे पुस्तक'. पुनरुत्थानानंतर ख्रिस्ताने अमेरिका खंडातील प्राचीन लोकांनाही दर्शन दिले, असे त्या ग्रंथात म्हटले आहे. पंथाबाहेरचे इतिहाससंशोधक तो प्राचीन इतिहास म्हणून मानीत नाहीत. त्याच वर्षी ६ एप्रिलला न्यूयॉर्क राज्यात स्मिथने आपली मंडळी स्थापन केली. तिचे पहिले नाव होते 'ख्रिस्ताची मंडळी'. आजचे लांबलचक नाव १८३८ सालचे. मराठीत सांगायचे तर 'अखेरच्या दिवसांतील संतांची येशू ख्रिस्ताची मंडळी'. मॉर्मन हे बाहेरच्यांनी दिलेले नाव. ते न वापरता पूर्ण नाव वापरावे, असे मंडळीच्या तत्कालीन अध्यक्षांनी २०१८ साली आग्रहाने सांगितले. मंडळीच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणे जगभरात तिचे १ कोटी ७० लाखांवर सभासद आहेत. आपल्या भागालाही ती अगदीच अनोळखी नाही. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा तिचा एक प्रचारक मुंबईस उतरला आणि पुढे त्याने पुण्यातही काम केले.

आता वादाकडे वळू. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या म्हणतात की हे लोक ख्रिस्ती नव्हेत. त्यांचे म्हणणे उगीच आकसाचे आहे असे समजू नये. इसवी सन ३२५ मध्ये निकीया येथे धर्मसभा भरली आणि पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, असे तिने ठरवले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे त्रैक्य त्या जुन्या मंडळ्यांच्या इमारतीचा पाया आहे. मॉर्मनांची शिकवण निराळी. त्यांच्या मते हे तिघे स्वतंत्र आहेत आणि त्यांची एकी हेतूची आहे, तत्त्वाची नव्हे. पित्यालाही हाडामांसाचे शरीर आहे. मनुष्य चढत चढत देवासारखा होऊ शकतो. शिवाय बायबलच्या जोडीला ते आणखी तीन ग्रंथ पवित्र मानतात. हा फरक किरकोळ नाही. कॅथलिक मंडळी प्रॉटेस्टंटांचा बाप्तिस्मा विधिवत् झाला असेल तर मान्य करते. परंतु २००१ साली व्हॅटिकनने निर्णय दिला की मॉर्मनांचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही. शब्द तेच असले तरी त्या शब्दांमागचा अर्थ तो नव्हे, हे त्याचे कारण. युनायटेड मेथडिस्ट मंडळीने २००० साली याच धर्तीवर ठरवले की मॉर्मन मंडळीतून येणाऱ्याला नव्याने बाप्तिस्मा द्यावा.

मॉर्मन यावर विचारतात, "आमच्या नावात ख्रिस्त, आमच्या प्रार्थनेत ख्रिस्त, मग आम्ही ख्रिस्ती नाही हे ठरवणारे तुम्ही कोण?" हा प्रश्न बिनतोड वाटतो. परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कोणत्याही मंडळीत जाऊ नकोस, त्या साऱ्या चुकीच्या आहेत, असे आपल्याला ईश्वराने सांगितले, हा जोसेफ स्मिथचाच दावा होता. प्रेषितांच्या मागून सारा ख्रिस्ती धर्म बिघडला आणि तो आपण पुन्हा उभा केला, ही या पंथाची मूळ भूमिका आहे. म्हणूनच कॅथलिक किंवा मेथडिस्ट माणूस त्यांच्याकडे गेला की तेही त्याला पुन्हा बाप्तिस्मा देतात. म्हणजे एकमेकांचा बाप्तिस्मा न मानण्याच्या बाबतीत फिटंफाट आहे. दुसऱ्याचे दार आपण बंद मानायचे आणि आपल्यासाठी मात्र ते उघडले नाही म्हणून रुसायचे, हे न्यायाचे नव्हे.

येथे आमच्या धंद्यातला एक दाखला देतो. एखादी युनियन मध्यवर्ती महासंघाची घटना मान्य करीत नाही. तिला त्या महासंघाचे सभासदत्व मागता येणार नाही, आणि ते नाकारणाऱ्या महासंघाला कोणी दोष देऊ नये. परंतु उद्या महासंघ जर म्हणू लागला की, त्या युनियनचे सभासद हे कामगारच नव्हेत, तर आम्ही त्याच्याविरुद्ध उभे राहू. घाम गाळणारा माणूस कामगार आहे की नाही, हे महासंघाच्या ठरावाने ठरत नाही. सभासदत्व ही एक गोष्ट आणि कामगारपण ही दुसरी.

अमेरिकेत याचे चांगले उदाहरण घडले आहे. जोसेफ स्मिथच्या मृत्यूनंतर त्याच्या अनुयायांत फूट पडली. ब्रिगहॅम यंगच्या मागे न गेलेल्या काही लोकांनी १८६० साली निराळी मंडळी उभारली. तिचे आजचे नाव 'कम्युनिटी ऑफ क्राइस्ट'. संस्थापक तोच आणि 'मॉर्मनचे पुस्तक'ही तेच. परंतु या शाखेने त्रैक्य मान्य केले. २०१० साली अमेरिकेतील चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेने तिला सभासद करून घेतले. अशा परिषदा श्रद्धेची घटना पाहतात, घराण्याचा इतिहास पाहत नाहीत, हे यावरून दिसते. आणि हा त्यांचा अधिकार आहे.

मग ख्रिस्तीपण कशावरून ओळखावे? विधींवरून म्हणावे, तर १८८२ साली मुंबईस उतरलेली मुक्तिफौज पहा. ती बाप्तिस्माही देत नाही आणि प्रभुभोजनाचा विधीही करीत नाही. तरी तिला ख्रिस्ती म्हणायला कोणी कचरत नाही. निकीयाच्या ठरावावरून म्हणावे, तर ३२५ सालापूर्वी ख्रिस्तासाठी प्राण देणाऱ्यांचे काय? त्या ठरावाने ज्याचे मत खोडले त्या एरियसचे अनुयायी पुढे कित्येक पिढ्या टिकले. गॉथ लोकांसाठी बायबलचे भाषांतर करणारा उल्फिलास हा त्याच गोटातला. इतिहासकार या लोकांना 'एरियन ख्रिस्ती' म्हणतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. मॉर्मन हे एरियसपेक्षाही बरेच दूर गेले आहेत, हे आम्ही कबूल करतो. तरी दूर जाणे निराळे आणि घर सोडणे निराळे.

नुसता येशूचा आदर पुरेसा आहे, असेही आम्ही म्हणत नाही. मुसलमान बांधव ईसाला पैगंबर मानतात, परंतु ते ख्रिस्ती नव्हेत आणि तसे म्हणवूनही घेत नाहीत. साधी कसोटी अशी, की येशूला देवाचा पुत्र आणि तारणारा मानून, त्याचे मरण व पुनरुत्थान हे आपल्या धर्माच्या मध्यभागी कोणी ठेवतो की नाही? मॉर्मन ठेवतात. ते नवा करार वाचतात, त्याच्या नावाने प्रार्थना करतात आणि दर आठवड्याला त्याच्या स्मरणार्थ भाकर व पाणी घेतात. या कसोटीस ते उतरतात.

काही जण म्हणतील, त्यांच्या बहुपत्नीत्वाचे काय? १८५२ साली त्यांनी ही प्रथा उघडपणे जाहीर केली, आणि ती सोडण्याची घोषणा केली १८९० साली. काळ्या पुरुषांना त्यांनी १९७८ पर्यंत याजकपद दिले नाही. १८५७ साली माउंटन मेडोज येथे त्यांच्या सशस्त्र दलाने सुमारे १२० वाटसरूंची कत्तल केली. या गोष्टी झाकण्याजोग्या नाहीत आणि आम्ही त्या झाकणार नाही. परंतु पापाने नाव जात असते, तर आफ्रिकी गुलाम बाळगून त्याला बायबलचा आधार देणाऱ्या दक्षिणेतील जमीनदारांचे नाव आधी गेले असते. त्यांना अख्रिस्ती सहसा कोणी म्हणत नाही. दोषाचा जाब दोष म्हणूनच विचारावा.

आता आम्ही या विषयाकडे का वळलो ते सांगतो. हा वाद पंडितांच्या खोलीत राहिला असता, तर कामगारांत काम करणाऱ्याला त्यात पडण्याचे कारण नव्हते. परंतु तो तेथे राहिला नाही. १८३८ साली मिसूरीच्या गव्हर्नराने फर्मान काढले की मॉर्मनांना शत्रू समजावे. त्यांचा नायनाट करावा किंवा त्यांना राज्याबाहेर हाकलावे. तीन दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीवर हल्ला होऊन १७ माणसे मारली गेली. ते फर्मान कागदोपत्री रद्द व्हायला १९७६ साल उजाडले. १८४४ साली जोसेफ स्मिथ आणि त्याचा भाऊ हायरम यांना जमावाने तुरुंगात घुसून ठार केले. उरलेले लोक वाळवंट तुडवीत १८४७ साली सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. तेथेही पाठलाग सुटला नाही. युटाहच्या स्त्रियांना १८७० साली मताचा हक्क मिळाला होता; बहुपत्नीत्व मोडण्यासाठी केलेल्या १८८७ च्या कायद्याने मंडळीची मालमत्ता घेतली, तसा हा हक्कही काढून घेतला. नवऱ्यांचा गुन्हा आणि शिक्षा बायकांच्या मताला! आयडाहोमध्ये तर मतदाराला शपथ घ्यावी लागे, की बहुपत्नीत्व शिकवणाऱ्या संस्थेचा मी सभासद नाही. स्वतः एकच लग्न केलेला मनुष्यही केवळ सभासद म्हणून मताला मुकला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९० साली हा कायदा उचलून धरला. केवळ सभासदत्वाबद्दल शिक्षा म्हणजे काय, हे युनियनच्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

'हे खरे ख्रिस्ती नव्हेत' हे वाक्य मंडळीच्या दारात उच्चारले तर तो श्रद्धेचा निवाडा असतो. तेच वाक्य मतदानाच्या दारात उच्चारले की त्याचा दंडुका होतो. शब्द तेच असतात. म्हणून विचारणारा कोण आणि कशासाठी, हे आधी पहावे, असे आम्ही म्हटले. अमेरिकेच्या राज्यघटनेत सरकारी पदासाठी धर्माची कसोटी लावू नये असे स्पष्ट लिहिले आहे. तरी रीड स्मूट हा मॉर्मन पुढारी १९०३ साली सिनेटवर निवडून आला, तेव्हा त्याने तेथे राहावे की नाही, हा वाद १९०७ पर्यंत चालला. शेवटी त्याची जागा कायम राहिली. २०१२ साली मिट रॉम्नी हा मॉर्मन मनुष्य रिपब्लिकन पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला. ज्या इव्हँजेलिकल पंथीयांचे उपदेशक मॉर्मनांना ख्रिस्ती मानीत नव्हते, त्यांच्यातील गोऱ्या मतदारांपैकी बहुसंख्यांनी त्यालाच मत दिले. त्रैक्याचा वाद त्यांनी घरी ठेवला आणि ते मतदानाला गेले. त्याचे राजकारण आम्हांस पसंत नाही. परंतु घरी ठेवायची वस्तू घरी ठेवली, हे योग्य झाले.

तात्पर्य, आमचे उत्तर असे आहे. इतिहासाच्या भाषेत, शेजारधर्मात आणि कायद्यापुढे मॉर्मन हे ख्रिस्ती आहेत. ते जे नाव सांगतात त्या नावानेच त्यांना ओळखावे. निकीयाच्या घटनेवर उभ्या असलेल्या मंडळ्यांचे ते सभासद नव्हेत. त्या मंडळ्यांनी त्यांचा बाप्तिस्मा मानला नाही तर त्यात अन्याय नाही; कारण मॉर्मनही त्यांचा मानीत नाहीत. 'आपण सारे एकच' असे गोड बोलून हा फरक पुसू नये. तसे करण्याने दोघांच्याही श्रद्धेचा अपमान होतो. आणि हा फरक दाखवून कोणाचे घर, मत किंवा भाकर काढून घेऊ नये.

अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलाबाळांना आज मॉर्मन शेजारी भेटतात. त्यांच्या पत्रांतून किंवा फोनवरून हा प्रश्न आपल्यापर्यंत आला, तर त्यांना इतकेच सांगावे, की बाबा, त्यांचा देव कसा आहे हे त्यांनाच विचार आणि ते सांगतील ते नीट ऐक. पटले नाही तर पटले नाही म्हण. पण ते कोण आहेत हे त्यांच्या वतीने तू ठरवू नकोस.