घरची मोरी आणि टाकीत उतरणारा माणूस



विषयाचे नाव कळविले तेव्हा चिटणिसांनी विचारले, "हे व्याख्यानमालेत शोभेल काय?" आम्ही म्हटले, संतसाहित्यावर बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, मोरीवर बोलणारा कोणी नाही. या विषयातले आमचे शिक्षणही पुस्तकी नव्हे. युनियनच्या कचेरीत येऊन बसणाऱ्या सफाई कामगारांनी ते फुकट दिले आहे.

आमच्या एका सहकाऱ्याची लेक कॅनडात असते. गेल्या हिवाळ्यात तिच्या घरचे सांडपाणी तुंबले. तिकडे नळ पुरुषभर खोल पुरतात, कारण त्याच्यावरची जमीन थंडीत गोठते. मग तुंबले कसे? स्वयंपाकघरातली एक तोटी ठिबकत होती. बादलीभर पाणी एकदम सोडले तर ते आपल्या उबेनिशी वाहून जाते. थेंब मात्र वाटेतच गोठतो, त्यावर दुसरा थेंब, असे करीत बर्फ नळ भरून टाकतो. तिच्याकडे यंत्रवाला आला, गरम पाण्याचा झोत सोडला आणि गेला. नळात किंवा टाकीत कोणी उतरले नाही, हे ध्यानात ठेवा.

आता आपले धाराशिव. बालाघाटाच्या माथ्यावरचे गाव, मार्गशीर्ष-पौषात पहाटे घोंगडी सोडवत नाही, पण बर्फ काही पडत नाही. तरीही कामगार सांगतात की तुंबण्याच्या तक्रारी दिवाळीनंतर वाढतात. कारण आपल्या नळात गोठतो तो डालडा. तळणीचे तेल, तूप, भाजीचा तवंग मोरीत ऊन असताना पातळ असतो. दहा हात पुढे गेला की थंड नळाला चिकटतो. त्यात भाताची शिते, केस, राख. लंडनला 2017 साली व्हाइटचॅपल भागाच्या गटारात असाच गोळा सापडला: अडीचशे मीटर लांब, वजन सुमारे एकशेतीस टन. साहेबाच्या गटारातही तेलच!

नळ एका दिवसात बंद होत नाही, आधी सूचना देतो. मोरीत पाणी ओतले की संडासाच्या भांड्यात गुडगुड होते. भांड्याखालच्या कोंबड्यातले पाणी हलते, कधी ओढले जाऊन घरात वास येतो. पाणी उतरायला वेळ लागतो. एकच मोरी सावकाश असेल तर खोड त्या मोरीत. सगळ्याच सावकाश झाल्या तर पुढच्या मुख्य नळात. मग चेंबरची झाकणे ओळीने उघडावीत. भरलेले चेंबर आणि त्यापुढचे रिकामे चेंबर, या दोहोंच्या मध्ये अडथळा आहे. एवढे कळले की निम्मे काम झाले.

ही विद्या आम्हांस ठाऊक होती. तरी सांगावयास लाज वाटते, आमच्याच घरी आम्ही ती वापरली नाही. घरात बारसे झाले, दोन घाणे तळण झाले. मोरी महिनाभर गुडगुडत होती. आम्ही सभांमध्ये गुंतलेले. एके सकाळी संडास वर आला. गल्लीतल्या कोणीतरी एक तरणा पोरगा पाठविला. तो म्हणाला, "काका, टाकी भरली असंल. झाकण काढा, मी उतरतो." आम्ही झाकण काढले. हो, आम्हीच काढले. त्याने कमरेला दोर बांधला. तेवढ्यात घरातून आवाज आला, "अहो, हा तुमच्या युनियनचा ना?"

आम्ही त्याला मागे घेतले आणि सेवानिवृत्त मुकादमांना बोलावले. त्यांनी पाहिले तर टाकीतले पाणी नेहमीच्या पातळीला, आणि तिच्या आधीचे चेंबर मात्र काठोकाठ. बांबूच्या कामट्या घालून त्यांनी मधल्या नळातून हातभर लांब पांढरा गोळा काढला. टाकीत काहीच बिघाड नव्हता. पोरगा विनाकारण उतरला असता.

उतरला असता तर काय झाले असते? टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की तो वास घेण्याची शक्तीच मारतो, आणि माणसाला वाटते हवा चांगली आहे. गाळ ढवळला की तो एकदम सुटतो. एक पडला म्हणून त्याला काढावयास दुसरा उतरतो, तोही पडतो. जोडीला मिथेन. म्हणून कंदील सोडून किंवा काडी ओढून पाहण्याची युक्ती आणखी घातक.

ज्या 1993 साली किल्लारी-सास्तूरची घरे पडली, त्याच साली हाताने मैला काढवून घेण्याविरुद्ध पहिला केंद्रीय कायदा झाला. 2013 च्या कायद्याने संरक्षणसाधनांवाचून माणसाला गटारात वा सेप्टिक टाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो घरमालकालाही लागू आहे. मृताच्या कुटुंबास दहा लाख द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले; 2023 साली ती रक्कम तीस लाख केली. मोर्चात आम्ही हे आकडे घोकून सांगतो. त्या सकाळी एकही आठवला नाही.

तेव्हा तेल मोरीत ओतू नका. कढई-ताटे आधी कागदाने पुसा. नुसते गरम पाणी ओतल्याने तेल पुढे सरकून तेथे गोठते. ॲसिड टाळाच: ब्लीचिंग पावडरीशी मिळाले तर क्लोरीन वायू होतो, आणि टाकीतले मैला पचविणारे जंतू मरतात ते वेगळेच. नवे घर बांधताना चार इंची नळाला चाळीस फुटांस एक फूट उतार आहे का, ते गवंड्यासमोर उभे राहून पाहा. टाकी दोन-तीन वर्षांनी गाडीने उपसून घ्या. तिचे झाकण फरशीखाली गाडू नका; गाडीचा पाइप तेथवर पोचला पाहिजे. पोचत नाही, म्हणूनच पुष्कळदा माणूस उतरविला जातो.

मुकादम आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. प्रश्न असतील ते त्यांना विचारा. आमच्यापेक्षा ते नीट सांगतील.