वारले, मयत आणि डिसीस्ड

आम्ही उत्तनच्या बचत गटातल्या बायका, मिरा-भाईंदरच्या अगदी किनाऱ्यावरच्या. आज इंग्रजीबद्दल बोलायचंय. घाबरू नका, आम्हीही घाबरतच सुरुवात केली.

आमच्यातल्या एका वहिनीचा नवरा गेला. त्याच्या खात्यातून प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये कापले जायचे, म्हणजे वहिनीला २ लाख मिळायचे होते. फॉर्म इंग्रजीत. गटातली बारावी झालेली पोरगी भरायला बसली. एका रकान्यात होतं, ‘नेम ऑफ द डिसीस्ड’. आम्ही वाचलं ‘डिसीज’, आजार. तिथे लिहून दिलं, हार्ट अटॅक! फॉर्म परत आला. दोन खेपा गेल्या, दोन दिवसांची मासळीची विक्री बुडाली. डिसीस्ड म्हणजे मयत, हे तेव्हा कळलं.

पण आपण तरी घरात मयत म्हणतो का? वारले म्हणतो, गेले म्हणतो. मयत दाखल्यावर. इंग्रजीतही बोलताना ‘डाइड’ किंवा ‘पास्ड अवे’, कागदावर ‘डिसीस्ड’.

याला जुनं कारण आहे. १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबारात आणि कचेरीत फ्रेंच, लॅटिन. चुलीपाशी मात्र जुनीच इंग्रजी. म्हणून ‘हेल्प’ घरचा, ‘असिस्ट’ कचेरीचा. ‘बाय’ घरचा, ‘पर्चेस’ कचेरीचा. (आमच्याकडे लेकीबाळींना बाय म्हणतात, त्यामुळे तो लगेच तोंडात बसला.) आपल्याकडे अर्ज, दाखला, तारीख, मयत हे शब्दही असेच राज्यकारभारातल्या फारसीच्या वाटेने आले.

आम्हाला आधी वाटायचं, जड शब्द म्हणजे चांगली इंग्रजी. एकीने मिरा रोडच्या सोसायटीत विचारलं, ‘यू पर्चेस पापलेट?’ गिऱ्हाईक हसलं. पापलेट घेतलं, ते सोडा. ‘वॉन्ट पापलेट?’ एवढं पुरलं असतं.

मग मान कुठे ठेवायचा? आपल्याकडे तो क्रियापदातच असतो: दे, द्या. इंग्रजीत लहानथोरांना ‘यू’ एकच आणि ‘गिव्ह’ही एकच. आपल्या मनात ‘द्या ना’ असलं, तरी नुसतं ‘गिव्ह मी फॉर्म’ हुकमासारखं ऐकू येतं. ‘कॅन आय हॅव अ फॉर्म, प्लीज?’ म्हणा. ‘कॅन’च्या जागी ‘कुड’ घातलं की आणखी मऊ. शब्द सगळे साधेच, फक्त मागायची रीत वेगळी.

दुसऱ्या वेळी वहिनी स्वतः खिडकीशी गेल्या. आम्ही मागे उभ्या. त्या म्हणाल्या, ‘माय हजबंड डाइड. कॅन यू प्लीज चेक धिस फॉर्म?’ साहेबांनी तिथेच सगळा वाचला. एक सही राहिली होती, ती करून घेतली आणि पोचपावती हातात दिली.