पुस्तक दुसरीचे, वर्ग एम.एड.चा



अभ्यासक्रम सिद्धान्त आणि विकसन हा विषय आपल्या पदव्युत्तर वर्गांत बहुधा राल्फ टायलरपासून सुरू होतो आणि बऱ्याचदा तिथेच दमतो. उद्दिष्टे कोणती, ती साधणारे अनुभव कोणते, त्यांची मांडणी कशी आणि उद्दिष्टे साधली हे ओळखायचे कसे, हे त्याचे चार प्रश्न. पुढे हिल्डा टाबाच्या पायऱ्या, मग चौकटी, बाण आणि परीक्षेत ‘टायलरचे प्रतिमान आकृतीसह स्पष्ट करा’. गंमत अशी, की १९४९ साली निघालेले टायलरचे ते छोटे पुस्तक मुळात शिकागो विद्यापीठातल्या त्याच्या एका वर्गासाठी तयार झाले होते, आणि अभ्यासक्रम रचण्याची ही मार्गदर्शिका नव्हे, असे त्याने सुरुवातीलाच बजावले आहे. त्या प्रश्नांमागे खरा वाद होता. अमेरिकेतल्या तीस माध्यमिक शाळांना १९३०च्या दशकात महाविद्यालयीन प्रवेशाच्या ठरीव अटींतून मोकळीक मिळाली, शाळांनी आपले अभ्यासक्रम बदलले. अशाने मुले पुढे टिकतील का, ही शंका होती. या प्रयोगाच्या मूल्यमापनाची धुरा टायलरकडे होती. तिथल्या १,४७५ विद्यार्थ्यांची इतर शाळांतल्या तितक्याच विद्यार्थ्यांशी जोडी लावून तुलना झाली, आणि ती मुले मागे पडली नाहीत. वाद पुसून टाकून उरलेली आकृती आपण शिकवतो. माझे म्हणणे एवढेच, की आपला वर्ग प्रत्यक्ष घेतल्या गेलेल्या निर्णयापासून सुरू व्हावा आणि सिद्धान्त त्याला भिडवावा.

निर्णय शोधायला लांब जायला नको. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला ‘वीस एक’, त्रेपन्नला ‘पन्नास तीन’ असे वाचन आले, आणि थट्टा थेट विधानसभेपर्यंत पोचली. पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी समितीची बाजू मांडली ती अशी: जोडाक्षरांची संख्यानामे लहान मुलांना जड जातात, शिवाय एकवीस म्हणताना एक आधी उच्चारायचा आणि लिहिताना मात्र दोन आधी. कानडी, तेलुगूत दशक आधी येते. इंग्रजीतही विसाच्या पुढे तसेच. हे सगळे खरे. पण घरी आणि बाजारात त्रेपन्नच ऐकणाऱ्या मुलाला त्यामुळे दोन नावे सांभाळावी लागणार होती, हेही खरे. टायलरच्या पहिल्या तीन प्रश्नांना समितीकडे उत्तर होते. चौथ्या प्रश्नाला काय पुरावा चालेल? कोणत्या मुलांची, कोणत्या इयत्तेत, कशाशी तुलना करायची? आणि टायलरकडे ज्याला पुरेशी जागा नाही तो प्रश्न: संख्यानामे हे गणिताचे साधन की भाषेचा वारसा, हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा? इथे शाळेतले ज्ञान आणि सत्ता यांचा संबंध तपासणारे मायकेल यंग आणि मायकेल अ‍ॅपल वाचायची गरज आपोआप निर्माण होते. हा एक वाद नीट उलगडायला एक सत्रही अपुरे पडेल. त्या वेळी आपल्या शिक्षणशास्त्र विभागांतून या वादाचा जेवढा अभ्यास व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, असे माझे मत आहे. चर्चा विनोदांवरच निभावली.

जोडीला १८८२ सालचे हंटर आयोगापुढचे महात्मा फुले यांचे निवेदन घ्यावे. मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य अशी प्राथमिक शाळेची यादी त्यात आहे. आणि नांगराला हात लावायची लाज नसलेला शिक्षक हवा, अशी अपेक्षाही. आशय आणि तो शिकवणारा माणूस यांचा एकत्र विचार करणारा हा दस्तऐवज आपण समाजसुधारणेच्या प्रकरणात ठेवतो. अभ्यासक्रमाच्या इतिहासात त्याची जागा बॉबिटच्या अभ्यासक्रमावरच्या १९१८च्या पुस्तकाआधीची आहे.

यावर आक्षेप येईल, की एकेका प्रकरणात रमलेल्या विद्यार्थ्याला विषयाचा विस्तार कळणार नाही. वर्तमानपत्री कात्रणांची चर्चा तेवढी होईल. आक्षेप वजनदार आहे. म्हणूनच मूळ ग्रंथ वाचलेच पाहिजेत, गाइडे नव्हेत. पण सिद्धान्तावरच विसंबल्यामुळे हे क्षेत्र मरणपंथाला लागले आहे, असे जोसेफ श्वाब यांनी १९६९मध्येच म्हटले होते, तेही टायलरच्याच विद्यापीठातून. दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: अभ्यासक्रम ठरतो पुण्यात नि दिल्लीत, मग शिक्षकाने हे शिकून करायचे काय? १९९३च्या यशपाल समितीने या दुराव्यावरच बोट ठेवले. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे वाईट, असे सांगून तिने अभ्यासक्रम आणि पुस्तके घडवण्यात शिक्षकांचा सहभाग वाढवायला सुचवले. त्या सहभागाची तयारी एम.एड.च्या वर्गात झाली नाही, तर कुठे होणार? आपलेच विद्यार्थी उद्या डाएटमध्ये, बी.एड. महाविद्यालयांत, विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांवर बसतात. तिथे कुणी प्रतिमानाची आकृती मागत नाही. कोणता घटक गाळायचा आणि का, हे विचारतात.

तेव्हा एक बदल लगेच करता येईल. प्रश्नपत्रिकेत पाठ्यपुस्तकाचे एक पान छापावे आणि विचारावे: या पानामागचे निर्णय ओळखा, त्यांतला एक बदला, बदलाची किंमत कुणाला पडेल ते लिहा. याला नमुना उत्तर देता येणार नाही, गुणांत फरक पडेल, फेरतपासणीचे अर्ज वाढतील. परीक्षा विभाग कुरकुर करील. अशा उत्तरांसाठी दोन परीक्षक नेमावेत, आणि त्यांनी गुण देण्याआधी एकत्र बसून निकष ठरवावेत.