नाव बदललं, तरी गाव तेच असतं

पत्रकारिता शिकणाऱ्या, महाराष्ट्रातून, गोव्यातून इथं आलेल्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

स्वागत समितीच्या वतीनं मी आपणा सर्वांचं पुण्यात मनःपूर्वक स्वागत करते. तुमच्यापैकी कितीतरी जण रात्रभर एसटीत बसून आलेले आहेत. काहींची परीक्षा परवावर आली आहे. तरीही आरोग्याची बातमी नीट कशी करायची, एवढ्याच ओढीनं तुम्ही आलात, याचा मला फार आनंद आहे.

या शहराचं आणि साथीच्या बातमीचं नातं जुनं आहे. १८९७च्या प्लेगमध्ये सोजीर घरोघर शिरून झडत्या घेत होते, भीतीपोटी माणसं आजारी माणसाला लपवत होती आणि ‘केसरी’ त्या जुलमावर लिहीत होता. त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. आजार शरीराला होतो, पण त्याची भीती घराला, वाड्याला, जातीला, वस्तीला चिकटते, हे या शहरानं तेव्हा पाहिलं. पुढं १९५२मध्ये इथंच विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं. आज आपण त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही, म्हणून ओळखतो.

२०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात गियाँ बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकापाठोपाठ आढळू लागले. पाणी कुठलं प्यायचं, चिकन खायचं की नाही, शेजारच्या घरात जायचं की नाही, असे प्रश्न गल्लोगल्ली होते. त्या दिवसांत प्रशिक्षणार्थी म्हणून काम करणाऱ्या एका मुलीचा मला रात्री फोन आला. ‘मॅडम, सगळीकडे जीबीएसची लागण असं छापतायत. हा शब्द बरोबर आहे का?’

मी तीस वर्षं आरोग्याचं वार्तांकन केलं आणि त्या क्षणी मला तिचा अभिमान वाटला. लागण होते ती जंतूची. पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला होता. दूषित पाण्यातून, कच्च्या राहिलेल्या मांसातून तो पोटात जातो. जीबीएस ही त्यानंतरची गोष्ट आहे. जंतूशी लढायला निघालेली प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातापायातली ताकद जाते. जीबीएस रुग्णाला हात लावल्यानं होत नाही. ‘लागण’ हा एक शब्द वाचून शेजारी रुग्णाच्या घरी डबा नेऊन द्यायला कचरला असता. त्या मुलीनं शब्द बदलला आणि ‘जीबीएसचे रुग्ण आढळले’ असं लिहिलं. आरोग्य पत्रकाराचं कौशल्य म्हणतात ते मला इतकं साधं आणि इतकं अवघड वाटतं. ‘संशयित रुग्ण’ हा आपला नेहमीचा शब्दही तसाच. संशयित चोर असतो. तपासणीचा अहवाल यायचा आहे अशा माणसाला पोलीस ठाण्यातला शब्द का लावायचा? यावर संमेलनाच्या दोन दिवसांत तुम्ही जरूर भांडा.

आता माझ्याकडून घडलेली एक चूक सांगते. मी विद्यार्थिनी असताना एका दैनिकासाठी एचआयव्हीसह जगणाऱ्या एका बाईंची मुलाखत घेतली. पती गेलेले, पदरात दोन मुली. मी नाव बदललं, शेवटी कंसात ‘नाव बदलले आहे’ असं लिहिलं आणि जबाबदारी पार पडली असं मानलं. पण तालुक्याचं नाव दिलं होतं. त्या बाई शाळेसमोर शिवणकाम करतात, हेही लिहिलं होतं. लेखाला रंग यावा म्हणून मशीनशेजारच्या खिडकीचंही वर्णन केलं होतं. लेख आला त्याच आठवड्यात त्यांच्याकडे ब्लाउज शिवायला टाकलेल्या बायका आपापलं कापड परत घेऊन गेल्या. मी माफी मागायला गेले तेव्हा त्यांनी मला चहा दिला आणि एवढंच म्हणाल्या, ‘तुम्ही परत जाल, मला इथंच राहायचंय.’ नाव बदललं, तरी गाव तेच होतं.

तेव्हापासून मी कुठलाही मजकूर देण्यापूर्वी तो मजकुरातल्या माणसाच्या शेजाऱ्याच्या नजरेनं वाचते. तो ओळखेल का? ओळखत असेल, तर तो तपशील कितीही सुंदर असो, जातो. २०१७मध्ये झालेल्या दोन कायद्यांनी यातला काही भाग आता बंधनकारकच केला आहे. एचआयव्हीविषयीचा कायदा गोपनीयता राखायला सांगतो, तर मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. आत्महत्येच्या बातमीत पद्धतीचा तपशील नको, ठिकाणाचं वर्णन नको, हे प्रेस कौन्सिलनं २०१९मध्ये सांगितलं आहे. पण कायदा फार तर किमान काय करायचं ते सांगतो. रुग्णालयाच्या पत्रकार परिषदेत ‘दुर्मीळ शस्त्रक्रिया यशस्वी’ म्हणून रुग्णाला डॉक्टरांशेजारी बसवलेलं असतं. तो ‘हो, फोटो काढा’ म्हणतो. त्याचं बिल अजून भरायचं असेल, तर त्या होकाराला किती अर्थ उरतो? तो घरी गेल्यावर, डॉक्टर समोर नसताना, पुन्हा विचारा. आणि त्या पत्रकार परिषदेतली भेटवस्तूची पिशवी तिथंच ठेवून या.

आकड्यांबद्दल बोललंच पाहिजे, कारण इथं चुकलं तर एका बाईचं नव्हे, हजारोंचं नुकसान होतं. ऑक्टोबर १९९५मध्ये ब्रिटनमधल्या औषध सुरक्षा समितीनं इशारा दिला, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. बातमी झाली, ‘धोका दुप्पट’. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या थांबवल्या. प्रत्यक्षात ७,००० स्त्रियांमागे एकीला होणारा त्रास दोघींना होत होता. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. दुःख याचं, की गुठळीचा धोका गरोदरपणात त्या गोळीपेक्षाही जास्त असतो. ‘दुप्पट’ हा शब्द खोटा नव्हता. कशाच्या दुप्पट, हे कुणी सांगितलं नाही. म्हणून तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा: किती जणांमागे किती? नव्या औषधाची बातमी आली तर ती चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंदवलेली आहे का, किती माणसांवर झाली, पैसा कुणाचा, हे बघा. मधुमेह मुळापासून बरा करण्याच्या जाहिरातीवर १९५४च्या कायद्यानं बंदी आहे, हेही लक्षात असू द्या. तशी जाहिरात उद्या तुमच्या बातमीशेजारी आली, तर संपादकांना विचारायला घाबरू नका.

आरोग्यावर असं नीट लिहिणं मराठीत नवं नाही. र. धों. कर्व्यांनी जुलै १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत जवळजवळ एकहाती चालवलं. संततिनियमन, गुप्तरोग, लैंगिक शंका, ज्यावर घरात कुजबुजही होत नव्हती, त्यावर ते शास्त्राधारानं, सरळ मराठीत उत्तरं देत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. खटला हरले, मासिक थांबलं नाही. लाजेपोटी न विचारलेला प्रश्न माणसाला आजारी पाडतो, हे कर्व्यांना कळलं होतं. एखाद्या मुलीनं पाळीबद्दल विचारलं, तर तुमच्या लेखात तिला ‘ते दिवस’ असं उत्तर मिळू नये, अशी माझी फार इच्छा आहे.

राहण्या-जेवणाची सोय वसतिगृहात केली आहे. काही उणं राहिलं तर स्वयंसेवकांना हक्कानं सांगा. उद्या सकाळी नऊ वाजता मुळशी आणि भोर तालुक्यांतल्या आशाताई येणार आहेत. त्यांना दुपारी गृहभेटींना परतायचं आहे, म्हणून वेळेवर या. प्रत्येकानं एकीची मुलाखत घ्यायची, मजकूर लिहायचा आणि तो त्यांना वाचून दाखवायचा. ‘हे छापू नका’ असं म्हणायची त्यांना पूर्ण मुभा आहे, आणि त्या म्हणतील तिथं तुम्ही खोडायचं आहे. तुमच्यासाठी कोऱ्या वह्या दाराशी ठेवल्या आहेत.